वरून येणारं ऊन

चौतीस वर्षं मी थंडी सांभाळली.
ग्रिम्सबीच्या गोदीत, माशांच्या शीतगृहात,
उणे पंचवीस. दोन अंश इकडेतिकडे झाले
की रात्री दोनला फोन वाजायचा
आणि नॉरीन अंधारातच म्हणायची, मोजे दोन घाल.

आता हा टोस्ट.
नातीचा सरडा, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी जातीचा, दाढीवाला.
टेगनच्या नव्या घराचा मालक मांजरसुद्धा चालवून घेत नाही,
तिथे याला कोण विचारतो.
काचेची पेटी, अर्धी पिशवी पाला,
आणि वहीच्या पानावर तिचं अक्षर:
आजोबा, त्याला गरम ठेवा.
गरम म्हणजे किती, ते लिहिलेलं नव्हतं.

मला वाटलं, त्यात काय.
दुकानातून तापणारा दगड आणला, वायर जोडली,
माझ्याच हातांनी त्याला त्यावर बसवलं.
तो बसून राहिला. हलला नाही.
आवडलं असेल, म्हटलं.
चौथ्या दिवशी उचलला तर पोटाची कातडी करपलेली.
नावाला साजेशी,
पण हसावं कुणासमोर.

डॉक्टर हेटनबाईंनी मलम दिलं, चष्म्यावरून पाहिलं.
"पोटाखालचा चटका याला कळत नाही, मिस्टर ऑल्डरिज.
याच्या मुलखात ऊन वरून येतं."
साठ पौंड झाले.
वाक्य तेवढं फुकट मिळालं.

मग मी बसलो, कामाला बसतात तसा.
एका टोकाला दिवा, त्याखाली फरशीचा तुकडा: चाळीस अंश.
दुसऱ्या टोकाला सावली: पंचवीस.
मधे त्याची मर्जी.
काचेवर चिकटवलेली तबकडी काढून फेकली,
ती काचेचं तापमान सांगायची, त्याचं नाही.
वाळूही काढली, आतड्यात बसते म्हणे.
किडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवले, मासा पिठात घोळवावा तसे.
रात्री दिवे बंद.
वाळवंटालासुद्धा रात्र लागते.

आणि ती लांब नळी, अतिनील किरणांची.
ती फसवी.
वर्षभरात तिच्यातलं हाडांना लागणारं संपून जातं,
उजेड मात्र तस्साच.
म्हणून तिच्या टोकाला कागदी टेप लावून तारीख लिहिली,
चौदा सप्टेंबर.
नॉरीन शेवटच्या वर्षी तशीच हसायची, रोजच्यासारखी.
तेव्हा मी कुठेच तारीख लिहिली नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत. याची चार फूट.
माझी जिन्याखालच्या मीटरपर्यंत:
कार्ड घालायचं, उरलेला आकडा पाहायचा,
वर येऊन झोपायच्या खोलीतला हीटर बंद करायचा.
खुर्ची त्याच्या काचेजवळ ओढून घेतली.
कोट अंगातच.

नोव्हेंबरात तो लाकडाच्या ढोलीत शिरला
आणि बाहेर येईना.
खाणं नाही. डोळा नाही. हात लावला तर दगड, न तापणारा.
टेगनला फोनवर सांगितलं, मजेत आहे.
दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचो,
जिथे नॉरीन केकचं पीठ मोजायची.
चारशे बारा ग्रॅम. चारशे अकरा. चारशे अकरा.
"वजन टिकलंय म्हणजे झोपलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या.
"उठवू नका."
उठवू नका हे कठीण असतं.
शीतगृहात मी कधी कशाची वाट पाहिली नव्हती,
तिथलं काहीच उठायचं नव्हतं.

फेब्रुवारीत, मंगळवारी, बाहेर गारा पडत असताना
ढोलीतून आधी दाढी आली, मग एक डोळा.
दिव्याखाली चढला, अंग चपटं केलं,
तोंड अर्धवट उघडून बसला, ऊन पीत.
मग माझ्याकडे पाहून
पुढचा एक हात हळू वर नेला,
हवेत गोल फिरवला, खाली ठेवला.
मी पुस्तकात पाहिलं. तो नमस्कार नसतो.
त्याचा अर्थ, मी लहान आहे, मला काही करू नकोस.

खिडकीचा पडदा ओढलेला आहे याची खात्री केली
आणि मीही हात वर केला.